मामंजींची ट्रंक उघडशील तेव्हा

अगं, तुझा फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. बोलता बोलता तू म्हणालीस, "ताई, मामंजींची मेडलं काळी पडलीत. आयुधपूजेच्या आधी चिंच लावून लख्ख करू म्हणतायत सासूबाई." आधी तेवढं थांबव. बाकीचं सावकाश वाच, पण चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, ब्रासो, यातलं काही म्हणता काही त्या पदकांना लागू देऊ नकोस.

सासूबाईंना हे सांगणं अवघड आहे, मला कळतं. तुमचं कुंभकोणम हे पितळेच्या भांड्यांचं गाव. समई, घागर, कॉफीचा पेला आणि डबरा, सगळं चिंचेने घासून आरशासारखं ठेवायचं, हा तिथल्या घराचा अभिमान. शेजारच्या स्वामीमलैला तर स्थपती पिढ्यान्‌पिढ्या कांस्याच्या मूर्ती घडवतायत. धातू उजळणं म्हणजे त्याचा मान राखणं, हे सासूबाईंच्या हाडात मुरलेलं आहे, आणि भांड्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. घागर झिजली तर दुसरी येते. मामंजींच्या नावाचं पदक दुसरं येत नाही.

घासलं की दर वेळी धातूचा एक पातळ थर जातो. पदकाच्या कडेवर किंवा मागे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि दल लिहिलेलं असतं, ते सगळ्यात आधी झिजतं. वरचा अशोकस्तंभ जरा बोथट झाला तरी पदक ओळखू येईल, पण कडेवरची अक्षरं पुसली तर ते कुणाचं हे कसं सांगणार? काळपट रंग म्हणजे घाण नव्हे. तो धातूच्या वयाचा रंग आहे, आणि खालच्या धातूला तो बऱ्यापैकी सांभाळतो. युद्धातल्या शौर्याचं देशातलं सर्वांत मोठं पदक परमवीर चक्र. त्याचं रूप आखलं स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि विक्रम खानोलकरांशी लग्न करून आपल्या झालेल्या सावित्रीबाई खानोलकरांनी. ते सोन्याचं नाही, चांदीचंही नाही, कांस्याचं आहे. म्हणजे शौर्याच्या सर्वांत मोठ्या पदकालाही झगमगाट लागत नाही. सासूबाईंना हे सांगून बघ, त्यांना पटेल.

मामंजी स्वतः दर सव्वीस जानेवारीला ब्रासो लावायचे, हे मला माहीत आहे. फौजी माणसाच्या हाताला ती सवयच असते, परेडच्या आदल्या रात्री बक्कल आणि बटणं चमकवायचीच. अक्षरांच्या खाचांत अजून त्या ब्रासोची पांढरी पूड असेल. ती काढायला सुई किंवा टाचणी घेऊन बसू नकोस. मऊ कोरड्या सुती कापडाने अलगद धूळ टिप, पुरे. बोटांचा घाम धातूवर उमटतो आणि महिन्याभराने तिथे ठसा दिसायला लागतो, म्हणून हातमोजे घाल, आणि पदक कडेला धरून उचल. कुठे हिरवी भुकटी दिसली आणि पुसली तरी परत येत असली, तर मात्र ते पदक वेगळं ठेव. तो क्षारांचा रोग आहे, घरच्या उपायाने जात नाही. चेन्नईत एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात रसायनशास्त्राचा विभाग आहे, १९३० च्या दशकापासून दक्षिणेतल्या कांस्यमूर्तींवर तिथे उपचार होत आलेत. फोटो काढून त्यांना विचार.

नावाच्या अक्षरांबद्दल एवढं का सांगतेय, तर एक गोष्ट ऐक. नाईक किरपा राम हिमाचलचे. १९४५ साली बंगळूरजवळ तोंडेभावी इथे ग्रेनेडच्या सरावात आपल्या माणसांना वाचवताना ते गेले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा शौर्याचा सन्मान मिळाला, तो त्यांच्या तरुण विधवेने, ब्रह्मी देवींनी, हातात घेतला आणि घरात जपून ठेवला. २००२ मध्ये तो चोरीला गेला. २००९ मध्ये लंडनच्या एका लिलावात विकायला आला! लिलाव थांबला, आणि मग पुढे बऱ्याच खटपटीनंतर तो त्या म्हाताऱ्या बाईंकडे परत आला. जॉर्ज क्रॉसच्या मागे नाव आणि तारीख कोरलेली असते. म्हणून तू आजच मामंजींच्या प्रत्येक पदकाचे फोटो काढ. पुढून, मागून आणि कडेने. कडेचा फोटो घेताना खिडकीचा तिरपा उजेड घे, म्हणजे अक्षरं उठून दिसतील. ते फोटो तुझ्याकडे, नणंदेकडे आणि माझ्याकडे, असे तीन ठिकाणी राहू देत.

आता ट्रंकेचं. मी मागे आले होते तेव्हा ती परणावर, म्हणजे माळ्यावर होती, कौलांच्या अगदी खाली. उन्हाळ्यात तिथे भट्टी आणि पावसात ओल, कापडाला याहून वाईट जागा नाही. खाली उतरव, पण जमिनीला टेकवू नकोस. मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, लाकडी ठोकळ्यांवर ठेव. देवघरात नको, तिथे कापूर आणि तेलाचा धूर. स्वयंपाकघराजवळ तर नकोच. आणि ट्रंकेला नवा रंग देऊ नका. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव हाताने लिहिलंय ना, आणि हुद्दा "नाईक" लिहिलाय? तुझा नवरा म्हणत होता, अप्पा तर सुभेदार होऊन निवृत्त झाले, हे दुरुस्त करून घेऊ. मुळीच करू नका. ट्रंक घेतली तेव्हा ते नाईक होते. बघशील, १९६५ च्या पदकावर "सॅपर", म्हणजे इंजिनिअर दलातला साधा जवान, असं असेल. झाकण आणि पदकं शेजारी ठेवली की त्यांची सगळी नोकरी पायरी पायरीने दिसते.

एक गोष्ट तू महाराष्ट्रातून गेलीस म्हणून मुद्दाम सांगते. आपण इकडे दिवाळीच्या आसपास कपाटं उपसतो, कपडे वाऱ्यावर घालतो, कारण तोवर आपला पाऊस संपलेला असतो. तुमच्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच खरा पावसाळा. दिवाळीत कावेरीकाठी हवा इतकी दमट असते की त्या दिवसांत ट्रंक उघडली तर ओल आत कोंडून घेशील. उघडायचं ते पोंगल झाल्यावर. जानेवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात, सकाळचं दव वाळल्यानंतर. सावलीत आणि पंख्याच्या हवेत, उन्हात नाही. उन्हात ऑलिव्ह ग्रीनचा रंग उडतो आणि पदकांच्या फिती तर बघता बघता फिक्या होतात. म्हणूनच दिवाणखान्यात फ्रेम करून लावायचा दिराचा बेत मला पसंत नाही. तिण्णैवरून, म्हणजे ओट्यावरून, थेट ऊन येतं त्या भिंतीवर. शिवाय फ्रेमवाले पदकं सरळ गोंदाने चिकटवतात आणि शर्टाला मागून टाचण्या मारतात. त्याला भिंतीवर काही हवंच असेल तर छान मोठा फोटो करून लावा, पदकांचा आणि त्यांचाही.

ट्रंक उघडलीस की एकदम सगळं बाहेर काढू नकोस. वरून एकेक वस्तू उचलायची आणि लिहीत जायचं: काय आहे, कुठे होती, कशात गुंडाळलेली होती. खिसे रिकामे कर, पण खिशात जे सापडेल ते "कचरा" म्हणून टाकू नकोस. रेल्वेचं वॉरंट असेल, बसचं तिकीट असेल, सुईदोऱ्याची छोटी पिशवी असेल. प्रत्येक गोष्ट वेगळ्या पाकिटात, आणि पाकिटावर पेन्सिलीने, "जर्सी, डावा खिसा". तो अंगोला शर्ट आठवतो मला. त्याचं खालून दुसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलंय, बाकीची सगळी हिरव्या. सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, "ते त्यांनीच शिवलंय, बॉर्डरवर, मी तिथे होते का?" ते बटण उसवून नीट शिवायचा मोह कुणालाही झाला तरी होऊ देऊ नकोस. डाव्या खिशाच्या वर पदकांच्या पिनेची दोन भोकं आहेत आणि भोवती गंजाचा डाग. तोही राहू दे.

धुणं? नाही. आणि कांजी तर अजिबात नाही! खळ दिलेला कपडा म्हणजे झुरळांना आणि कसरीला बोलावणंच. इस्त्रीने जुन्या घड्या कडकडीत होऊन तिथेच तुटतात. ड्रायक्लीनवाल्याकडेही पाठवू नकोस. मऊ कुंचल्याने धूळ झाड, आणि हवं तर व्हॅक्युमच्या तोंडाला मलमल बांधून हलकेच फिरव. कॉलरवर घामाचा पिवळा पट्टा असेल, असू दे. तो त्यांचा आहे.

घड्या घालताना मधे मलमलीच्या सैल गुंडाळ्या ठेव, बाह्यांत आणि खांद्यातही. दर वर्षी उघडशील तेव्हा घडीची जागा थोडी बदल. गुंडाळायला नवं कोरं कापड नको. मांजरपाट दोन-चारदा साध्या पाण्यात धुऊन, नीळ न घालता, कांजी न घालता वाळवलेला हवा. वर्तमानपत्र नको, त्यातल्या आम्लाने कपडा पिवळा पडतो. लोकरी जर्सी कधीही टांगू नकोस, खांदे ओघळतात. बेरे कॅपच्या आत मलमलीचा गोळा ठेव. तिचा पितळी बिल्ला काढू नकोस, फक्त बिल्ल्याच्या मागे मलमलीचा तुकडा सरकव, म्हणजे हिरवा डाग कापडात उतरणार नाही. पट्टा आणि बुटांना खोबरेल लावायचं नाही. ते लावलं की चामड्यावर बुरशी येते, तुमच्या हवेत तर आठवड्यात.

जर्सीला बारीक भोकं दिसली म्हणालीस. कसर लागली असणार. एक उपाय मी इथे बेळगावात केलाय आणि तो चालतो. जर्सी मलमलीत गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद कर आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नकोस. पूर्ण दिवसभर तशीच ठेव, नाहीतर पिशवीतला गारवा कापडावर पाणी होऊन बसेल. हे फक्त लोकरीचं हं, पदकं किंवा चामडं फ्रीझरमध्ये नाही.

डांबरगोळ्या मात्र घालू नकोस. वास कपड्यात मुरतो तो जन्मभर, आणि प्लास्टिकचं काही जवळ असलं तर ते चिकट होतं. त्यापेक्षा तुझ्याजवळच केवढी मोठी शाळा आहे! तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आपल्या मराठी राजांनी जमवलेल्या पोथ्या आणि मोडी कागद आहेत. ते जपायला वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी, काळं जिरं यांच्या भुकटीत कापूर मिसळून कापडी पुरचुंड्या ठेवायची तिथली जुनी पद्धत. वेखंड तुमच्या बाजारात वसंबु म्हणून कुठेही मिळेल, बाळंतिणीच्या घरात असतंच. पुरचुंडी ट्रंकेच्या कोपऱ्यात, कापडाला आणि धातूला न लागता. दर वर्षी बदलायची.

पदकं ट्रंकेत ठेवायची नाहीत. जुन्या प्लास्टिकच्या पाकिटात असतील तर आधी बाहेर काढ, ते पाकीट चिकट झालं असेल आणि त्याचा मळ धातूवर उतरला असेल. मखमलीच्या डब्यातही नको, रबरबँड तर लावूच नकोस, चांदी त्याने काळी ठिक्कर पडते. प्रत्येक पदक मलमलीत, मग झिपच्या साध्या पॉलिथिन पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. पण एका पट्टीवर शिवलेली असतील तर तशीच राहू देत. क्रम ठरलेला असतो, तो मोडायचा नाही. रक्षा मेडलच्या फितीची कड उसवलीये, तीही तशीच. नवी फीत मिळते, पण ती नवीच राहते.

सासूबाईंना नवरात्रात बोम्मै गोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीच्या, पायरीवर मेडलं ठेवायची असतात, हे मी विसरले नाही. आणि आयुधपूजेला पदकांना चंदन-कुंकू लावायचं असतं. त्यात त्यांचं काय चुकलं? त्यांच्यासाठी ती देवाइतकीच आहेत. पण नऊ दिवस समयांचा धूर, पाहुण्यांचे हात, आणि बाहेर पाऊस. त्यांच्याशी असं ठरव: पायरीवर मामंजींचा वर्दीतला फोटो आणि पदकांची बंद पेटी ठेवायची, आयुधपूजेच्या संध्याकाळी काही वेळ पेटी उघडायची, आणि चंदन-कुंकू शेजारच्या नारळाला लावायचं. वाद घालून काही होणार नाही, त्यांच्या बाजूने बसून बोल. तंजावरी मराठी बायका तुझ्या-माझ्याहून मनाच्या मोठ्या असतात.

आणि वर्दी नातवाला फॅन्सी ड्रेससाठी घालायला द्यायची नाही. शाळेने कितीही मागितली तरी. अंगात घातली की शिवण गेलीच, आणि ती वर्दी काही खेळ नव्हे.

आता थोडं कठीण बोलते. दिराने "दोन मेडलं मला, दोन दादाला, एक ताईला" असं म्हटलं, ते ऐकून मला झोप आली नाही. जमीन वाटा, दागिने वाटा. पदकं वाटायची नाहीत. १९६५ चा समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ चा पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, १९७२ साली स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक, ही सगळी मिळून एका माणसाची नोकरी आहे. वेगळी झाली की पुढच्या पिढीत एखादं मोडीत जाईल, एखादं कराईकुडीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात जाईल. एकाकडे ठेवा, आणि बाकीच्यांना फोटोंसकट यादी द्या, तिच्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. घर विकायचं चाललंय, कुणाकडेच धड जागा नाही, असं झालं तर बंगळूरला मामंजींच्या मद्रास सॅपर्सचं संग्रहालय आहे, त्यांना लिहा. १७८० पासूनचं ते दल, आपल्या थंबींच्या, म्हणजे जवानांच्या, वस्तूंची किंमत त्यांच्याहून कुणाला जास्त कळणार? फक्त दान देताय की ठेवायला देताय हे कागदावर ठरवा, आणि पोच घ्या. इथे बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये मी पाहिलंय, ज्या वस्तूसोबत माणसाची माहिती आली त्या वस्तूपुढे लोक थांबतात.

ती माहिती अजून घरात आहे, सासूबाईंच्या तोंडी. आणि त्यांचं वय बघता मला याच गोष्टीची सगळ्यात घाई वाटते, कपड्यापेक्षा आणि धातूपेक्षाही. दुपारी कॉफी झाली की फोनवर रेकॉर्डिंग लावून बस. "काही आठवणी सांगा" असं विचारू नकोस, त्या गप्प होतील. एकेक वस्तू समोर ठेव, ट्रंकेत असेल तर नुसतं तिचं नाव घे, आणि त्याच वस्तूबद्दल विचार. ही जर्सी कधी मिळाली? ७१ च्या डिसेंबरात पत्र किती दिवसांनी आलं? फौजी टपालाचा पत्ता ५६ एपीओ होता का? बसंतर नदीचं नाव त्यांनी कधी काढलं होतं का? शकरगढ भागात त्या नदीपाशी मद्रास सॅपर्सच्या ९ इंजिनिअर रेजिमेंटने सुरुंगांतून रणगाड्यांसाठी वाट काढली. मेजर विजय रतन चौधरी तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्याच लढाईत पूना हॉर्सचे अरुण खेत्रपाल गेले. मामंजी तिथे होते की दुसरीकडे कुठे, हे मला माहीत नाही, आणि तुझ्या नवऱ्यालाही नाही. अंदाजाने "बसंतरचे वीर" असं पाटीवर लिहून टाकू नका. त्यांच्या डिस्चार्ज बुकात युनिट असेल, आणि नंबर घेऊन बंगळूरच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र घातलं तर बाकीचं कळेल. पेन्शनचे कागद, इनलँड पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, सगळं एकत्र ठेव. पत्रांना स्टेपल, सेलोटेप, लॅमिनेशन काही नको.

सासूबाई तमिळमधून बोलायला लागल्या तर बोलू दे, मधेच तंजावरी मराठीत येतील तर तसंही. तू सुधारून लिहू नकोस, जसं बोलतील तसं ठेव.

धुतलेला मांजरपाट आणि सिलिका जेल मी इथून पार्सल करते, तुला तिकडे शोधत बसायला नको. तोवर दोन कामं कर: पदकांचे फोटो आणि सासूबाईंचं रेकॉर्डिंग. त्याला पोंगलची वाट बघायची गरज नाही. ट्रंक परणावरून उतरवताना दोघांनी धरा. डाव्या बाजूची कडी गंजून अर्धी झालीये, तिच्यावर भार देऊ नका.